आधी उद्दिष्ट, मग मोबाइल

बेळगाव-निपाणीच्या मराठी शाळांतल्या गुरुजी-बाईंनो, वर्गात मोबाइल आणण्याआधी उद्दिष्ट ठरवा, आणि तेही तपासता येईल असं. उदाहरणार्थ, दिवाळीपर्यंत चौथीचं प्रत्येक मूल कन्नडचा एक धडा ऐकून स्वतः वाचेल.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींची अडचण आपल्यासारखीच, फक्त उलटी होती. त्यांच्या शाळेतल्या मुलींची घरची भाषा कन्नड, पुस्तकं दुसऱ्या भाषेतली. गुरुजी स्वतः कन्नड शिकले, धड्यांचं भाषांतर केलं, पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. घरच्या मोबाइलनं कोड टिपला की कविता, गोष्ट ऐकू येई. २०२० साली त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं. भाषा आधी, यंत्र नंतर, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

तुम्हीही आधी धडा मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून मुलांना ऐकवा, मग दर शनिवारी दोघा-तिघांकडून तो वाचून घ्या. अडखळले, तर ध्वनिमुद्रण अधिक सावकाश करा.