पावसाळ्यात अडणारे दार



मी सातवी शिकलेली गृहिणी. सुतारकामातले घरी करता करता जेवढे आले, तेवढेच सांगते.

पावसाळ्यात लाकूड ओलावा पिऊन रुंदीत फुगते. लांबीत जवळजवळ वाढत नाही. मग दार अडते, कडी लागत नाही. एवढ्याशा कामाला सुतार लवकर येत नाही. घरात बाई एकटी असली, तर तिची रात्र दाराकडे बघण्यात जाते. म्हणून हे काम आपल्याला आले पाहिजे.

आधी बिजागरीचे स्क्रू पेचकसाने आवळावेत. भोक सैल झाले असेल, तर आगकाडीचा गुल काढून, काडीला सरस लावून ती भोकात ठोकावी. वाळल्यावर स्क्रू बसवावा. तरीही अडले, तर चौकटीला खडू घासून दार लावून पाहावे. दाराला जेथे खडू लागेल, तेथेच ते अडते. तेथे मेणबत्ती घासावी. फार तर थोडा काचकागद फिरवावा.

भर पावसात रंधा मात्र मारू नये. उन्हाळ्यात लाकूड आक्रसले की तेथे फट पडते. दिवाळीनंतरही दार अडत असेल, तरच रंधा घ्यावा, आणि तासलेल्या कडेला रंग द्यावा, म्हणजे ओलावा कमी शिरतो. पाते धारदार असावे. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, आणि जोर लावताना हात घसरतो.

भगिनींनो, पेचकस विळीशेजारी ठेवा. विळी चालवणाऱ्या हाताला तो जड नाही.