शेजाऱ्यांना ठाऊक असतं ते



आमच्या पालघर-बोईसर पट्ट्यात अजूनही म्हणतात, लग्नाला नाही गेलात तरी चालेल, मयताला जा. गावात कुणी गेलं की कामं वाटून द्यावी लागत नाहीत. एक जण बांबू-सुतळी आणायला निघतो, दुसरा लाकडांचं बघतो, तिसरा मुंबईहून येणाऱ्या लेकीला घ्यायला स्टेशनवर जातो. त्या घरची चूल पेटत नाही; पिठलं-भात शेजारून येतो. तारापूरच्या कारखान्यांभोवतीच्या चाळींतही तेच. कामगाराचं सख्खं माणूस दूर मुलखात. ते येऊन पोचेपर्यंत वर्गणी काढणारा आणि खांदा देणारा शेजारीच असतो.

अडतं ते बोलायच्या वेळी. दहाव्याला श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली की गेलेला प्रत्येक जण मनमिळाऊ, परोपकारी आणि हसतमुख होऊन जातो. नाव बदललं की तेच भाषण पुढच्या दहाव्याला चालतं. खरं तर शेजाऱ्यापाशी सांगण्यासारखं किती असतं! विहिरीचा रहाट अडला की कोण धावायचं, कुणाच्या अंगणात साऱ्या आळीच्या मिरच्या वाळायच्या, रात्री कडाकडा भांडून सकाळी कोण ताकाचा तांब्या पाठवायचं. यातलं बरंचसं घरच्यांच्याही कानी आलेलं नसतं.

हुतात्म्यांच्या बाबतीतही असंच होतं. दर वर्षी 14 ऑगस्टला पालघर आपल्या हुतात्म्यांना मानवंदना देतं. मुंबईत 8 ऑगस्ट 1942 रोजी ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि सहाच दिवसांत गावोगावचे लोक पालघरच्या कचेरीवर चालून आले. गोळीबारात पाच जण गेले. सातपाटीचे काशिनाथ पागधरे, नांदगावचे गोविंद ठाकूर, मुरबे गावचे रामचंद्र चुरी, सालवडचे सुकुर मोरे आणि पालघरचे रामप्रसाद तिवारी.

ही नावं ऐकताना माझं लक्ष गावांकडे जातं. सातपाटी आणि मुरबे खाडीच्या दोन काठांवर, समोरासमोर. सालवड आज कारखान्यांच्या गर्दीत. त्या दिवशी या प्रत्येक गावात कुणाच्या तरी शेजारच्या घरात आकांत झाला. पालघरच्या चौकातल्या हुतात्मा स्तंभानं नावं राखली. पण त्यांतलं कोण संध्याकाळी शेजारच्या ओटीवर गप्पांना बसायचं, कोण कुणाच्या अडीनडीला उभं राहायचं, हे दगडावर मावत नाही. ते शेजाऱ्यांना ठाऊक होतं. आणि 1942 साली विशीत असलेला शेजारी आज हयात असला, तर त्यानं शंभरी ओलांडलेली असणार.

म्हणून दोन विनंत्या. पुढच्या दहाव्याला बोलायला उभे राहाल, तेव्हा विशेषणं बाजूला ठेवा आणि घडलेली एकच गोष्ट सांगा. ती गोडच हवी असं नाही. हट्टी, चिडका, पै-पैचा हिशेब ठेवणारा शेजारीसुद्धा आपल्याला प्रिय असतो. तो होता तसा ऐकायला मिळाला, तर घरचे रडता रडता हसतात.

दुसरी विनंती सातपाटी, मुरबे, नांदगाव, सालवड आणि पालघरच्या श्रोत्यांना. 1942 च्या त्या दिवसाबद्दल आजी-आजोबांकडून काही ऐकलं असेल, तर ते वहीत उतरवून काढा. कुणी सांगितलं, तेही खाली लिहा. गणपतीत सगळी भावंडं घरी जमतात. एकाला आठवलं नाही ते दुसऱ्याला आठवतं. यंदाच बसा.