पांढऱ्या उतारावरील शहाणपण



सह्याद्रीच्या छायेंत वाढलेल्या आपणां लोकांना डोंगर म्हटला कीं काळा कातळ, करवंदीच्या जाळ्या आणि पावसाळ्यांतील धबधबे आठवतात. या डोंगरांतहि माणसें दगावतात. परंतु येथील धोका बहुतेक वेळां डोळ्यांना दिसतो किंवा कानांना ऐकूं येतो. कड्याची धार दिसते, शेवाळलेला दगड दिसतो, ओढ्याला चढलेल्या पाण्याचा आवाज दुरून येतो. आज मला ज्या डोंगरांविषयीं बोलावयाचें आहे, तेथें गोष्ट उलटी आहे. तेथें धोका पांढऱ्या शुभ्र चादरीखालीं निजलेला असतो. आणि ज्या सकाळीं तो जागा होण्याचा संभव फार, ती सकाळ पुष्कळदां अत्यंत रमणीय असते.

विषय स्नोबोर्डचा आहे. स्नोबोर्ड म्हणजे बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याची एक रुंद फळी. तिच्यावर दोन्ही पाय आडवे बांधावयाचे आणि समुद्राच्या लाटेवर स्वार व्हावें तसें उतारावर स्वार व्हावयाचें. १९६५ सालच्या नाताळांत अमेरिकेच्या मिशिगन राज्यांतील मस्केगॉन गांवीं शर्मन पॉपेन नांवाच्या गृहस्थानें आपल्या मुलींच्या करमणुकीसाठीं दोन स्की एकत्र जोडल्या. त्या खेळण्यांतून पुढें ही क्रीडा वाढली, आणि १९९८ सालीं जपानमधील नागानो येथील हिंवाळी ऑलिंपिक सामन्यांत तिला प्रथम प्रवेश मिळाला.

खेळाबरोबर खेळाडूंची एक भटकी जमातहि निर्माण झाली. वारकऱ्याला जशी वारीची तिथि, तशी यांना पहिल्या हिमवर्षावाची वार्ता. डिसेंबर लागला कीं कोणी आल्प्समधील शामोनीला जातो, कोणी जपानच्या होक्काइदो बेटावर, कोणी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत, तर कोणी आपल्या काश्मीरांतील गुलमर्गला. उत्तर गोलार्धांतला बर्फ वितळला म्हणजे हेच लोक न्यूझीलंड आणि चिलीची वाट धरतात, कारण आपल्याकडे पाऊस पडत असतो तेव्हां तिकडे हिंवाळा असतो. गुलमर्गला २००५ सालापासून दोरीवरचा पाळणा अफरवट पर्वताच्या खांद्यापर्यंत, सुमारें ३,९५० मीटर उंचीवर, माणसाला नेऊन सोडतो. महाराष्ट्रांतून जाणारे पर्यटक तेथें फोटो काढतात आणि त्याच पाळण्यानें खालीं येतात. फळीवाला मात्र तेथून आपल्या वाटेनें निघतो.

ही 'आपली वाट' हाच आजच्या भाषणाचा गाभा आहे. क्रीडास्थळाच्या हद्दीच्या आंत रक्षक असतात. ते पहांटे उठून उतार तपासतात, जरूर तेथें सुरुंग लावून सैल बर्फ आधींच पाडून टाकतात. हद्दीच्या दोरीपलीकडे तोच डोंगर आणि तोच बर्फ असतो, पण ही राखण संपलेली असते. दोरी ओलांडणारास अस्पर्श उतार हवा असतो. त्याची ती ओढ खोटी नाहीं; पण दोरीपलीकडे रक्षकाचें काम त्याचें त्यालाच करावें लागतें, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

आतां हा बर्फ कोसळतो कसा तें पाहूं. डोंगरावरचा बर्फ एकजीव नसतो. प्रत्येक वादळ आपला एक थर मागें ठेवून जातें आणि सबंध हिंवाळ्याचा इतिहास त्या थरांत साठत राहतो. थंडीच्या कोरड्या, निरभ्र दिवसांत आंतल्या कांहीं थरांचें रूप पालटतें. त्यांतील कण परस्परांना धरून न राहतां जाड साखरेसारखे सुटे होतात. अशा भुसभुशीत थरावर पुढच्या वादळाचा आणि वाऱ्याचा बर्फ दाबून बसला म्हणजे रव्यावर फरशी ठेवावी तसा प्रकार होतो. फरशी सपाट जागीं असेल तर चिंता नाहीं. पण तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर ती केवळ वेळेची वाट पाहत असते. एका माणसाच्या वजनानें खालचा थर बसतो, ती तूट क्षणार्धांत चहूंकडे धांवते आणि सगळा उतार काच तडकावी तसा फुटून निघतो. दुर्दैव असें कीं, फळीवर घसरण्यास सर्वांत आनंददायक उतार याच अंशांचे असतात. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. हिमस्खलनाच्या बळींपैकीं सुमारें नव्वद टक्के प्रसंगीं तें स्खलन त्या माणसानें स्वतः किंवा त्याच्या सोबत्यांनींच सुरू केलेलें असतें.

वाहत असतां पाण्यासारखा भासणारा बर्फ थांबतांच गच्च आवळून बसतो. पुरलेल्या माणसाला हात हलवितां येत नाहीं. त्याच्या तोंडापुढील थोड्याशा हवेवर त्याचे प्राण अवलंबून राहतात. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकीं दहांतील नऊ जण जगतात; अर्धा तास लोटला म्हणजे तिघांपैकीं एकच जण वांचतो. एवढ्या अवधींत गांवांतून मदत येत नाहीं. जे सोबती बर्फाबाहेर उभे असतात तेच काय ते तारणहार. म्हणून प्रत्येकाजवळ तीन वस्तु असाव्याच लागतात: पुरलेल्याचा ठाव दाखविणारें ट्रान्सीव्हर नांवाचें लहान रेडिओयंत्र, बर्फांत खुपसून पाहण्याची घडीची लांब काठी, आणि धातूचें फावडें. यांपैकीं एकहि नसेल तर उरलेल्या दोन व्यर्थ. आणि तिन्ही असून सराव नसेल तर तिन्ही व्यर्थ. फळीवाल्याची अडचण आणखी वेगळी आहे. स्कीवाल्याचें पादत्राण जोराचा हिसका बसतांच सुटतें. फळीवाल्याचे पाय मात्र फळीला जखडलेलेच राहतात, आणि वाहत्या बर्फांत ती फळी त्याला नांगरासारखी खालीं ओढते.

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, हें सर्व नवशिक्यांकरितां ठीक. जाणत्यास त्याची काय भीति? या प्रश्नाचें उत्तर क्रेग केली या पुरुषाच्या चरित्रांत आहे. हा अमेरिकन खेळाडू चार वेळां जगज्जेता झाला होता. कीर्ति शिगेला असतां त्यानें सामने सोडले आणि दूरच्या पर्वतांतील हिंवाळी प्रवास पत्करला. वर चढतांना फळीचे उभे दोन भाग करून स्कीप्रमाणें चालावें आणि माथ्यावर ते पुन्हां जोडून खालीं यावें, या पद्धतीचा तो मोठा पुरस्कर्ता होता. इतरांना सुखरूप नेतां यावें म्हणून तो कॅनडांत पर्वतवाटाड्याचें रीतसर शिक्षण घेऊं लागला. विजेता पुनः विद्यार्थी झाला, ही त्याची थोरवी.

२० जानेवारी २००३ या दिवशीं ब्रिटिश कोलंबियांतील सेलकर्क पर्वतांत, ड्युरँड हिमनदीच्या परिसरांत, एक मोठी तुकडी उतार चढत होती. केली तींत होता. नोव्हेंबरमध्यें तयार झालेला एक दुबळा थर त्या सबंध हिंवाळ्यांत खोल दडून राहिला होता. वरचा बर्फ सुटला, तेरा जण सांपडले आणि सात जण मृत्यु पावले. केली त्यांतील एक. वय अवघें छत्तीस. तुकडीजवळ साधनें होतीं, अनुभव होता आणि वाटाडे होते.

बारा दिवसांनीं, १ फेब्रुवारी रोजीं, त्याच प्रांतांत रॉजर्स खिंडीजवळ वरच्या पर्वतावरून आपोआप सुटलेलें हिमस्खलन शाळेच्या सहलीवर आलें. दरीच्या तळानें चाललेल्या सतरा जणांच्या त्या तुकडींतील सात विद्यार्थी गेले. जवळच असलेल्या दोघां प्रवाशांनीं धांवत येऊन खणावयास आरंभ केला म्हणून इतर कित्येक वांचले. या दोन घटनांनीं कॅनडा देश हादरला आणि २००४ सालीं लोकांना हिमस्खलनाचे इशारे देणारी स्वतंत्र संस्था तेथें उभी राहिली.

मग जाणत्यांचेंहि जेथें चालत नाहीं तेथें ज्ञानाचा उपयोग काय, असा प्रश्न उरतो. माझें उत्तर असें कीं, ज्ञानानें धोका नाहींसा होत नाहीं. केव्हां डोंगरावर जाऊं नये तें मात्र कळतें. स्वित्झर्लंडमध्यें डाव्होस येथें १९३६ सालापासून बर्फाच्या थरांचा अभ्यास चालला आहे. युरोपांत १९९३ सालीं धोक्याच्या पांच पायऱ्या ठरल्या, आणि आज कित्येक देशांत हिंवाळाभर रोजचा इशारा प्रसिद्ध होतो. मौज अशी कीं, सर्वांत अधिक माणसें पांचव्या पायरीवर मरत नाहींत, तिसऱ्या पायरीवर मरतात. पांचव्या पायरीस सारे घरीं बसतात. तिसरी पायरी मात्र मधली म्हणून सौम्य वाटते. वस्तुतः तेव्हां एकाच माणसाच्या वजनानेंहि उतार सुटूं शकतो. बाहेर ऊन पडलेलें असतें, नवा बर्फ चकाकत असतो, आणि मन सोयीस्कर अर्थ काढतें.

खरा शत्रु हा सोयीस्कर अर्थ होय. अपघातांच्या नोंदी तपासणारे अभ्यासक सांगतात कीं, माणसें बर्फाच्या अज्ञानापेक्षां मनाच्या सवयींनीं फसतात. उतार ओळखीचा आहे, म्हणून तो सुरक्षित वाटतो. पुढें कोणाच्या तरी खुणा आहेत, म्हणून आपणहि जावें असें वाटतें. इतक्या दुरून पैसे खर्चून आलों, आतां रिकाम्या हातीं परतावें कसें, असें वाटतें. चौघांपुढें भित्रा ठरूं नये म्हणून शंका ओठांवरच राहते. यांतील एकाहि कारणाचा बर्फाशीं संबंध नाहीं. बर्फाला आपल्या सुटीचे दिवस मोजतां येत नाहींत.

म्हणून अनुभवी मंडळी कांहीं नियम मैदानांत असतांनाच ठरवून घेतात. सकाळचा इशारा वाचल्याशिवाय निघावयाचें नाहीं. संशयित उतारावर एका वेळीं एकानेंच उतरावें, बाकीच्यांनीं सुरक्षित जागीं उभें राहून त्याच्यावर दृष्टि ठेवावी. वरून बर्फ येऊं शकेल अशा दरींत विसाव्यास थांबूं नये. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, तुकडींतील कोणीहि, मग तो वयानें लहान कां असेना, 'नको' म्हणाला कीं सर्वांनीं परत फिरावें. त्याच्याकडे कारण मागूं नये.

हे धडे परदेशापुरते नाहींत. ८ फेब्रुवारी २०१० रोजीं गुलमर्गजवळच्या खिलनमर्ग येथें प्रशिक्षण घेणारे आपले जवान हिमस्खलनांत सांपडले आणि पंधराहून अधिक मृत्यु पावले. ४ ऑक्टोबर २०२२ रोजीं उत्तराखंडांत द्रौपदी का दांडा या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीवर बर्फ आला, आणि पंचवीसहून अधिक माणसें गेलीं. पुण्यामुंबईची, नाशिककोल्हापुरची तरुण मंडळी आज हिमालयांत जातात, हिंवाळ्यांतहि जातात. त्यांनीं जरूर जावें. सह्याद्रीनें त्यांना पाय दिले आहेत. पण बर्फाची पारख सह्याद्री देऊं शकत नाहीं, कारण तो बर्फ त्याच्यापाशीं नाहीं. ती वेगळी विद्या आहे आणि ती वेगळ्या गुरूकडून, रीतसर शिक्षणवर्गांतच, शिकली पाहिजे.

घरीं राहणारांचेंहि एक काम आहे. मुलगा शिखरावर न जातां परत आला, तर 'एवढा खर्च केलास आणि वर गेला नाहींस?' असें त्याला विचारूं नका. त्या दिवशीं त्यानें अर्ध्या वाटेवरून घेतलेली माघार, ही कदाचित् त्याच्या सबंध प्रवासांतील सर्वांत कठीण चाल असेल. त्याला गरम चहा द्या आणि पुढच्या हिंवाळ्याचा बेत विचारा. डोंगर तेथेंच असणार आहे.