उदगीरचा आडाखा आणि पानिपतचे मैदान



निर्णय घेताना माणूस समोरच्या वस्तुस्थितीकडे पाहतो, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा मनात आधीच काढून ठेवलेल्या नकाशाकडे पाहत असतो. केनेथ क्रेक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९४३ साली हा विचार मांडला. मन बाहेरच्या जगाची एक लहानशी प्रतिकृती बाळगते आणि पुढे काय घडेल हे त्या प्रतिकृतीवर आधी ताडून पाहते, असे त्याचे म्हणणे. व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात आज ‘मेंटल मॉडेल’ या नावाने जे शिकवले जाते ते हेच. मराठीला त्यासाठी नवा शब्द घडवण्याचे कारण नाही. आडाखा, ठोकताळा हे शब्द शेतकऱ्यापासून सेनापतीपर्यंत सर्वांच्या तोंडी पूर्वापार आहेत.

आडाख्यावाचून व्यवहार चालत नाही, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. प्रत्येक गोष्टीचा मुळापासून विचार करू म्हटले तर आयुष्य पुरायचे नाही. अडचण असते ती वेगळीच. गेल्या हंगामात कांद्याला चढा भाव मिळाला म्हणून नाशिककडचा शेतकरी यंदा कांद्याचे क्षेत्र वाढवतो. आडाखा अनुभवाचाच असतो. परंतु तोच अनुभव शेजाऱ्यालाही आलेला असतो. सर्वांचा माल एकदम बाजारात येतो आणि भाव कोसळतो. ज्या परिस्थितीतून आडाखा जन्मला, ती परिस्थिती आडाख्यानेच मोडून टाकलेली असते! कांद्यात एका हंगामाचे नुकसान होते. राज्यकर्त्यांचा आडाखा चुकला तर घरोघरची कर्ती माणसे जातात, आणि म्हणूनच पानिपतकडे या दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे.

फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उदगीरच्या मोहिमेत निजामाला नमवले. फ्रेंच पद्धतीने तयार झालेल्या इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याचा त्या विजयात मोठा वाटा होता. तोफा आणि कवायती पायदळ असले की शत्रू टिकत नाही, हा धडा ताजा होता आणि तो खोटाही नव्हता. मात्र उदगीरला आणखी एक गोष्ट घडली होती. तेथे कोंडी झाली होती ती निजामाची, आणि सभोवार फिरत होते मराठी घोडदळ. मुलूख ओळखीचा होता, रसद जवळ होती. विजयातील तोफांचा गडगडाट लक्षात राहिला. पाठीशी असलेली दाण्यागोट्याची सोय तेवढी लक्षात राहिली नाही. विजयाचे श्रेय नेमके कशाला द्यायचे, येथेच आडाखा बिघडतो.

त्याच वर्षी उत्तरेत भाऊंना दुसरा एक आडाखा ऐकवला गेला. भरतपूरच्या सूरजमल जाटाने सल्ला दिला की बायकामुले, बाजारबुणगे आणि जड तोफा मागे सुरक्षित जागी ठेवाव्यात, हलक्या घोडदळाने अब्दालीला हैराण करावे, त्याची रसद तोडावी आणि उन्हाळ्यापर्यंत वेळ काढावा. मल्हारराव होळकरांचाही कल तिकडेच होता. सूरजमलाचा हा सल्ला अनुभवातून आलेला होता. १७५७ च्या स्वारीत अब्दालीने मथुरा उद्ध्वस्त केली. पण उन्हाळा आणि रोगराई सुरू होताच त्याला परतावे लागले, हे जाटांनी पाहिले होते. भाऊंनी सल्ला मानला नाही. भाऊंच्या हट्टी स्वभावावर बोट ठेवून बखरी मोकळ्या होतात. हे स्पष्टीकरण फार सोयीचे आहे. काही महिन्यांपूर्वीच ज्याने यश दिले ते साधन मागे ठेवून या, असे सांगितल्यावर किती सेनापती ऐकतील?

दुसरा आडाखा यमुनेचा. नदीला पाणी आहे तोवर अब्दाली अलीकडे येणार नाही, या भरवशावर भाऊ उत्तरेला गेले आणि ऑक्टोबरात त्यांनी कुंजपुरा जिंकले. इकडे महिनाअखेरीस अब्दालीने माणसे गमावूनही बागपतपाशी यमुना ओलांडली आणि तो मराठे व दिल्ली यांच्यामध्ये येऊन उभा राहिला. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, तेव्हा रसदीची उरलीसुरली आशाही संपली. उदगीरचे चित्र आता पुरते उलटले होते. कोंडी मराठ्यांची होती.

१४ जानेवारी १७६१ रोजी उपाशी सैन्य गोल बांधून बाहेर पडले. गारद्यांनी रोहिल्यांची दाणादाण उडवली, हुजुरातीने वजीर शहावलीखानाची फळी फोडली. गोलाच्या लढाईत सर्वांनी आपापली जागा धरून पुढे सरकायचे असते. पण विंचूरकर आणि गायकवाड यांचे घोडदळ जन्मभराच्या सवयीने जागा सोडून शत्रूवर धावले आणि फळीला खिंडार पडले. शौर्यात काही कमी नव्हते. एकाच सैन्यात दोन नकाशे होते, आणि त्यांची तोंडमिळवणी आधी झालेली नव्हती. दुपारनंतर अब्दालीने राखीव फौज उतरवली, विश्वासराव गोळी लागून पडले आणि सारे संपले.

पानिपतावर जखमी झालेल्या महादजी शिंद्यांनी यातून वेगळा बोध घेतला. कवायती फौज टाकाऊ न ठरवता १७८४ पासून द बॉइनच्या हाताखाली त्यांनी ती नीट उभी केली आणि १७९० मध्ये पाटण व मेडत्याला तिने विजय मिळवून दिले. पुढे १८०३ मध्ये इंग्रजांशी गाठ पडली तेव्हा शिंद्यांचे अनेक युरोपीय अधिकारी चाकरी सोडून गेले. महादजींचा आडाखा त्यांच्या काळी खरा होता. परंतु त्यांच्या शत्रूंत तेव्हा त्या अधिकाऱ्यांचे जातभाई नव्हते.

संस्था चालवणाऱ्याने, उद्योजकाने किंवा मुलीच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या बापाने ‘मागे असेच जमले होते’ हे वाक्य तोंडी येताच क्षणभर थांबावे. मागे जमले तेव्हा आणखी काय काय जागेवर होते, ते कागदावर उतरवून काढावे. आणि ज्याचा अनुभव वेगळ्या मुलखातला आहे, अशा एकाला तरी तो कागद वाचायला द्यावा.

पानिपतातून वाचलेले मराठे थंडीत, उघड्या अंगाने दक्षिणेची वाट चालू लागले तेव्हा ते सूरजमलाच्याच मुलखात येऊन पोहोचले. त्याने त्यांना अन्न, वस्त्र आणि आसरा दिला.