वहीवरचा ‘आळशी’ शेरा

आम्ही देवळाली कॅम्पातल्या काही निवृत्त शिक्षिका. आज आमच्याच एका चुकीबद्दल बोलायचंय.

चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. वडिलांची भाजीची गाडी. बाजारच्या दिवशी हा गाडीवर बसायचा आणि सुट्ट्या पैशांचा हिशेब तोंडी चोख करायचा. वर्गात मात्र पाच ओळी वाचताना रडकुंडीला यायचा. ‘घर’चं ‘धर’, ‘भाकरी’ची ‘माकरी’. तेवीस म्हटलं की ३२ लिहायचा. आम्ही त्याच्या वहीवर लाल शाईने ‘आळशी’ लिहिलं. एकदा नाही, अनेकदा.

पुढे एका प्रशिक्षणात बाईंनी आम्हालाच उलट्या अक्षरांचा उतारा दिला आणि भरभर, मोठ्याने वाचायला लावला. अडखळलो की बाकीच्यांनी हसायचं. पाच मिनिटांत घाम फुटला हो! तो मुलगा रोज पाच तास असाच बसत होता.

याला अध्ययन अक्षमता म्हणतात. बुद्धी चांगली असते, पण वाचन, लेखन किंवा गणित यांतलं एखादं काम मेंदूला जड जातं. हा आईच्या संगोपनाचा दोष नाही, ग्रहणाबिहणाचाही नाही. घराण्यात आणखी कुणाला असाच त्रास असू शकतो. २००७ सालचा ‘तारे जमीन पर’ पाहिलेल्यांना इशान आठवेल.

पण घाईही नको. पहिली-दुसरीतलं पोर अक्षर उलटं काढतंच. आपण बोलताना तीन आधी म्हणतो, वीस नंतर. लिहिताना दोन आधी येतो. मग गोंधळ होणारच! तिसरी-चौथीत, नीट शिकवूनही तीच अडचण राहिली, तर लक्ष द्यायचं. आधी डोळे आणि कान तपासायचे. आमच्याकडे लष्करातल्या घरांतली मुलं बदलीमुळे शाळा आणि भाषा बदलत येतात. मराठी नवीन असलेल्या मुलाला लगेच अक्षम ठरवणं हा उलटा अन्याय. शिक्षकाने फक्त ओळखायचं. निदान तज्ज्ञ तपासणी करूनच करतात.

वर्गात साठ पोरं असली की बाईंना सगळं दिसत नाही. तिथे आईची मदत लागते. पालकसभेला जाताना वही न्या. घरी काय दिसतं ते सांगा: गोष्ट तोंडी पूर्ण सांगतो, लिहायला बसवलं की पोट दुखतं, फळ्यावरचं उतरवताना ओळी गाळतो. “लक्ष देत नाही” असं उत्तर मिळालं, तर गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना बोलवायला सांगा. अपंगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत ही अक्षमता आहे. सरकारी प्रमाणपत्र मिळालं की दहावीला जादा वेळ, गरज असेल तर लेखनिकही मिळतो. प्रमाणपत्राला लाजू नका. चष्म्याला लाजतो का आपण?

वर्गात करायचं ते फार अवघड नाही. त्या मुलाला सगळ्यांसमोर वाचायला उभं करू नये. वाळूत, कणकेत अक्षर गिरवून घ्यावं. उत्तर तोंडी विचारावं. एका वेळी एकच सूचना द्यावी.

त्या मुलाची आई तेव्हा एकदा आम्हाला म्हणाली होती, “बाई, ह्याला हिशेब येतो हो.” आम्ही ऐकलं नव्हतं. पुढच्या पालकसभेला तुमच्यापैकी कुणी असं सांगायला गेलं आणि बाईंनी ऐकलं नाही, तर एकटीने परत येऊ नका. गटातल्या दोघी-तिघींना घेऊन पुन्हा जा.