बेदाण्याचा रंग आणि शरीरातील विकरे
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



ईदच्या शीरखुर्म्यात पडणारा बेदाणा आपल्या तासगावच्या शेडमध्येच वाळलेला असतो. चार किलो द्राक्षांपासून साधारण एक किलो बेदाणा मिळतो. हिरवट-पिवळ्या मालाला भाव येतो. पण माल वाळत असताना अवकाळी पाऊस आला की तो काळवंडतो आणि वर्षाची मेहनत वाया जाते. हा काळेपणा येतो कुठून? त्याचे उत्तर ‘विकर’ या एका शब्दात आहे. यालाच आपण एन्झाइम म्हणतो.

विकर म्हणजे सजीवांच्या पेशींत तयार होणारे, बहुधा प्रथिनाचे बनलेले द्रव्य. ते रासायनिक क्रियेचा वेग अनेक पटींनी वाढवते, पण त्या क्रियेत स्वतः खर्ची पडत नाही. भाकरीचा घास मिनिटभर चावत राहा, तो गोड लागू लागेल. लाळेतील अमायलेज हे विकर पिठूळ पदार्थाची साखर करते. प्रत्येक विकराचे काम मात्र ठरलेले असते. १८९४ साली एमिल फिशर यांनी त्याला कुलूप-किल्लीची उपमा दिली. पुढे १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर यांनी यीस्टच्या पेशी चिरडून काढलेल्या रसानेही साखर आंबते, असे दाखवून दिले. म्हणजे या क्रियेला जिवंत पेशीच लागते असे नाही, हे सिद्ध झाले. त्यांना १९०७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता शेडकडे वळू. द्राक्षातील पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हे विकर हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने तपकिरी रंग तयार करते. चिरलेले वांगे काळे पडते तेही यामुळेच. म्हणून आपल्या माता-भगिनी फोडी मिठाच्या पाण्यात टाकतात. द्राक्षे डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवली की सालीतून पाणी लवकर निघते आणि विकराला काम करायला थोडाच वेळ मिळतो. गंधकाची धुरी त्या विकराला रोखते. दमट हवेत वाळवण लांबते, तेव्हा विकराचे फावते.

शेडमध्ये विकर थांबले तर आपला फायदा होतो. शरीरात मात्र एखादे विकर नसेल तर घात होतो. फेनिलकीटोन्यूरिया या जन्मजात विकारात यकृतातील एक विकर नीट काम करत नाही. मग दूध, डाळ, अंडी यांतील प्रथिनांचा फेनिलअॅलनिन हा घटक रक्तात साचतो आणि बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. जन्मानंतर काही दिवसांतच टाचेतील रक्ताच्या थेंबाने हे ओळखता येते. वेळीच विशेष आहार सुरू केला तर मूल इतरांसारखे वाढू शकते.

अशा वेळी घरात आईलाच बोल लावला जातो. हा अन्याय आहे. सदोष जनुक आई आणि बाप, दोघांकडूनही आलेले असते, आणि ते दोघे स्वतः निरोगी असतात. जवळच्या नात्यातील लग्नांत ही शक्यता वाढते, हेही सर्वच समाजांनी ध्यानात घ्यावे.

पालकहो, शेडमध्ये धुरी कशी द्यायची हे तुमच्या हातांना ठाऊक आहे. ती का द्यायची, हे तुमची मुलगी तुम्हाला सांगू शकेल. त्यासाठी दहावीनंतर तिचे शिक्षण थांबवू नका. विज्ञानाची गोडी असेल तर तिला त्या शाखेत जाऊ द्या. उद्या एखाद्या बाळाच्या टाचेतील तो थेंब तपासणारी तीच असेल.