फिन्स घालून आणि फिन्स काढून

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘सॉफ्टवेअर क्षेत्रातील संधी’ असा विषय दिला होता. त्यावर तुमची मुलं मला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतच असतात, म्हणून मी विषय बदलून मागितला. मी एकोणचाळिसाव्या वर्षी पोहायला शिकले आणि गेली काही वर्षं वेळ लावून, वेग वाढवायचा म्हणून पोहते. त्याबद्दलच बोलणार आहे.

जालन्याच्या मुलीनं पोहण्यावर बोलावं यात थोडा विनोद आहे, हे मान्य. आपल्या लहानपणी नळाला पाणी कधी येणार यावर घरातली कामं ठरायची आणि घाणेवाडीत पाणी किती उरलं ही गावातली बातमी असायची. तरीही खेड्यावरून येणारी आपल्या वर्गातली मुलं पोहायची. पाठीला सुका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोर, आणि वरून काका ढकलून द्यायचे. चार दिवसांत भोपळा सुटायचा, आठव्या दिवशी पोरगं मुटका मारायला लागायचं. मुलींना मात्र विहिरीकडे फिरकू देत नसत. दहावीपर्यंत आमच्यातल्या एकीलाही पोहता येत नव्हतं. आज कितीजणींना येतं, ते हात वर करायला लावून विचारत नाही. जेवताना सांगा.

विहिरीतल्या पोहण्याला मी कमी लेखत नाही. दम, धाडस आणि पाण्याची भीती नसणं या तीन गोष्टी आपल्या मुलांना तिथे फुकट मिळाल्या. पण विहीर केवढी? चार हात मारले की समोरचा काठ. शिवाय वरून कोण अंगावर उडी टाकेल याचा नेम नाही, म्हणून मान कायम वर. तिथे ते बरोबरच होतं. तोच गडी पंचवीस मीटरच्या तलावात आला की मान वर राहते, कंबर आणि पाय खाली जातात आणि तो पाण्यात तिरका होऊन पुढे सरकायला बघतो. अर्ध्या अंतरावर धाप लागते. मग त्याला वाटतं, ताकद कमी पडली.

ताकदीचा हिशोब एकदा करून बघू. बाई, तुम्ही शिकवलेलं विज्ञान इथे उपयोगी पडतंय. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट आहे. वेग वाढला की पाण्याचा अडथळा साधारण वेगाच्या वर्गानं वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनानं. समजा पंचवीस मीटरला तुम्हाला ३० सेकंद लागतात आणि तुम्हाला २५ सेकंदांत जायचंय. वेग वाढवायचाय फक्त २० टक्के. अडथळा होतो १.४४ पट आणि लागणारी शक्ती जवळजवळ १.७३ पट, म्हणजे पावणेदोनपट. चाळिशीत ती आणायची कुठून? त्यापेक्षा अडथळा कमी करणं स्वस्त पडतं. नजर तळाकडे, डोकं पाठीच्या रेषेत, श्वास पाण्यात हळूहळू सोडायचा आणि घेताना डोकं उचलायचं नाही, अंगाबरोबर कुशीवर वळवायचं. एवढ्यानं कंबर वर येते. माझ्याबाबतीत तरी सगळ्यात मोठा फरक इथेच पडला, आणि त्यासाठी एक पैशाचं साहित्य लागत नाही.

आता पाय. फ्रीस्टाइलमध्ये पुढे ढकलण्याचं बरंचसं काम हात करतात. याचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले, कमरेखालचं बळ गेलं, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक घेतलं. तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता. ‘चंदू चॅम्पियन’ पाहून डोळे पुसणाऱ्यांनी हा आकडाही लक्षात ठेवावा. आपल्यापैकी पाय धडधाकट असलेल्या किती जणांना पन्नास मीटर एवढ्या वेळात जमेल?

मग पाय मारायचे कशाला? अंग आडवं आणि सरळ ठेवायला, आणि हातांना ताल द्यायला. इथे मोठ्या वयात शिकणाऱ्यांची अडचण घोट्यात असते. जन्मभर चालून, चपला-बुटांत राहून घोटा आखडतो. पंजा मागे ताणला जात नाही, तो काटकोनात राहतो आणि पाणी मागे ढकलण्याऐवजी ब्रेकसारखा अडवतो. नुसती फळी धरून पाय मारायला लावलं की काही जण जागेवरच राहतात, एखादा तर चक्क मागे सरकतो. मॅरेथॉन पळणाऱ्या आपल्या मित्रांनी करून पाहावं.

फिन्सचा उपयोग इथे सुरू होतो. पायात घालायचे रबरी पंख, बदकाच्या पायासारखे. फ्रान्सच्या नौदलातले अधिकारी लुई द कोर्लिय्यू यांनी १९३३ साली त्यांचं पेटंट घेतलं. त्यामागचं तत्त्व आपल्या आज्यांना पाठ होतं. चुलीला हातानं वारा घाला, हात दुखून येतो. सूप घ्या, सावकाश हलवलं तरी जाळ होतो. थोडं पाणी जोरात फेकण्यापेक्षा भरपूर पाणी हळू ढकलण्यात शक्ती कमी वाया जाते. फिन्स घालून पोहणं हा जगात वेगळा स्पर्धेचा खेळही आहे. त्यात दोन्ही पाय एकाच मोठ्या पंखात घालतात, त्याला मोनोफिन म्हणतात. साध्या फ्रीस्टाइलच्या पन्नास मीटरला जगातल्या सर्वांत वेगवान पुरुषांना २१ सेकंदांच्या आसपास लागतात. मोनोफिनवाल्यांना १५च्या आसपास.

आमच्या धंद्यात प्रोग्राम मंद चालला तर कोड बदलण्याआधी वेळ कुठे जातो ते मोजतात. मी तेच केलं. एका लांबीला किती सेकंद लागले आणि किती हात मारले, यांची बेरीज लिहायची. पोहणारे हा आकडा वापरतातच. आकडा जितका लहान तितकं बरं. सुरुवातीला माझे पंचवीस मीटरला ३० सेकंद आणि २६ हात होत, बेरीज ५६. छोटे फिन्स घालून त्याच दिवशी २१ सेकंद आणि १८ हात झाले. आनंद झाला, पण ३९ ही बेरीज माझी नव्हती, रबराची होती. म्हणून वहीत ती वेगळ्या रकान्यात आहे. माझा आकडा फिन्स काढल्यावरचा. त्याच सकाळी काढून लगेच पोहले तर २८ सेकंद आणि २३ हात आले. कंबर वर असली की पाणी अंगावरून कसं सरकतं, ते पायांना अजून आठवत होतं. दोन दिवसांनी ती आठवण पुसट झाली. पुन्हा घातले, पुन्हा काढले. आठ महिन्यांनी फिन्सशिवाय २६ सेकंद आणि २१ हात, म्हणजे ४७.

म्हणून माझी पद्धत अशी: चार लांब्या फिन्स घालून, लगेच काढून चार लांब्या, आणि दोन्हीचे हात मोजायचे. एकूण पोहण्याच्या पाव हिश्शापेक्षा जास्त फिन्स नकोत. ज्यांना ते उतरवावेसे वाटत नाहीत, त्यांचा वेग तलावाच्या काठावरच राहतो. भोपळाही सोडायचाच असतो ना!

घेताना छोटेच घ्या. स्कूबावाल्यांचे लांब पंख घातले की पायांचा ताल मंदावतो आणि सायकल मारल्यासारखा गुडघा वाकतो. पाय मांडीपासून हलला पाहिजे, गुडघा सैल, पंजे ताणलेले आणि किंचित आत वळलेले. मोठे फवारे उडवू नका. पाणी उकळायला लागल्यासारखं दिसलं की पुरे. पोटरीत गोळा येईल, सुरुवातीला येतोच. भिंतीला धरून पंजा आपल्याकडे ओढायचा, दोन मिनिटं थांबायचं. माप सैल असेल तर टाचेला फोड येतात, म्हणून पातळ मोजे घाला. फिन्स घालून काठावर चालू नका. आमच्या बॅचमधल्या बायका ते करतात आणि बदकासारख्या पडतात.

मैत्रिणींनो, कपड्यांचा आणि ‘या वयात काय’ याचा प्रश्न मला माहीत आहे. गुडघ्यापर्यंतचा, पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख मिळतो. ओढणी-सलवारीत मात्र शिकू नका, भिजलेला सुती कपडा खाली ओढतो. मालवणच्या चिवला किनाऱ्यावरच्या सागरी जलतरण स्पर्धेत माझ्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी मोठ्या बायका माझ्यापुढे निघून जाताना मी पाहिल्यात.

एक गोष्ट जरा वेगळी, पण ती सांगितल्याशिवाय खाली बसणार नाही. कडवंचीसारख्या गावांनी शेततळ्यांच्या जोरावर द्राक्षं उभी केली, जिल्ह्याला त्याचा अभिमान आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या रानात शेततळं आहे. त्याच्या प्लास्टिकच्या उतारावर शेवाळ धरतं आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. मी आतापर्यंत सांगितलेला वेग तिथे कुचकामी आहे. चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर तळापर्यंत सोडा, हवा भरलेली ट्यूब दोराला बांधून ठेवा, कुंपण घाला. मुलांना आधी पाण्यावर उताणं पडून राहायला शिकवा, मुलींनाही. फिन्स, वेग, सेकंद हे सगळं त्यानंतर. दोर बांधल्याचा फोटो आपल्या ग्रुपवर टाका. गुड मॉर्निंगच्या फुलांपेक्षा तो मी आवडीनं बघेन.

उद्या रविवारी सकाळी सहा वाजता मी जलतरण तलावावर आहे. फिन्सच्या तीन जोड्या आणल्यात, माप ५, ७ आणि ९. टोपी आणि मोजे आपापले आणा, आणि चहा तेवढा पोहून झाल्यावर घ्या.